पंचवीस अक्षरांचा शिक्का

ती. दादा,

सगळ्यात आधी शुद्धलेखनाची माफी मागून घेते, म्हणजे मग मोकळेपणाने चुका करता येतील. ऱ्हस्वदीर्घ जिथे चुकलं असेल तिथे तू मनातल्या मनात बरोबर करून वाच. टायपिंगही हळू आहे. तुला वाटेल, दोन वर्षं कॉम्प्युटरवर बसते आणि अजून हळू कशी? तर शिक्क्यावर जास्तीत जास्त चार ओळी असतात. चार ओळी मी कोणापेक्षाही भराभर टाईप करते, पाचव्या ओळीला बोटं आपोआप थांबतात. हे पत्र सकाळी नऊला सुरू केलंय आणि आत्ता साडेनऊ वाजलेत, यावरून काय ते समज.

तुझी तब्येत कशी आहे? पाठ दुखायची ती थांबली का? खुर्ची बदललीस का? जेवण वेळेवर होतं का, की अजून ऑफिसातल्या यंत्रातली बिस्किटं खाऊनच राहतोस? (हे काकूंनी विचारायला सांगितलेलं नाही, मीच विचारतेय. काकूंचं वेगळं आहे, तुझी आई म्हणून त्या रोज विचारतात, पण भिंतीला.) इकडे सगळे मजेत आहेत. मोठ्या काकांचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही, म्हणून ते सकाळी एकदाच खाली येतात आणि दिवसभर दुकानातच बसतात. आई बरी आहे. बाबा बरे आहेत, म्हणजे मंगळवारपर्यंत होते. पत्र सहजच लिहितेय, खास काही काम नाही.

फोन का नाही केला विचारशील. तुला माहितीये मी फोनवर कशी बोलते ते. तू विचारतोस, मी 'हं' म्हणते, तू विचारतोस ऐकू येतंय का, मी मान हलवते. मेलही नाही केला, कारण दुकानाच्या खात्यातून गेलेले मेल बाबा जेवणानंतर एकेक उघडून वाचतात. म्हणून छापून पोस्टाने पाठवतेय. (असं का, ते विचारू नकोस. शेवटपर्यंत वाच.)

तर मंगळवारी आपला कॉम्प्युटर गेला. तूच बसवलेला, काळा, ज्याच्या डब्याचं एक झाकण कधीच नीट बसलं नाही तो. हॉस्पिटलचे अकरा शिक्के करायचे होते, सगळे डॉक्टरांच्या नावांचे. मी सहाव्या डॉक्टरांपर्यंत आले आणि आतून आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग फट् झालं, मग करपल्याचा वास. मी पहिल्यांदा लेसर मशीनकडे धावले, कारण आपल्याकडे करपल्याचा वास रबराचाच असतो. रबर ठीक होतं. मग बाबा बाहेरून आले, त्यांनी वास घेतला, आणि पंचवीस वर्षं शिक्के करणाऱ्या माणसाने सांगावं तसं सांगितलं की हे रबर नाही. दुरुस्तीवाला आला, त्याने झाकण (एका हाताने, ते बसलेलं नव्हतंच) काढून आत बघितलं आणि परत लावलं. लावलं म्हणजे टेकवलं. म्हणाला, यात आता काही उरलं नाही.

बुधवारी बाबांनी दुसरा कॉम्प्युटर आणला. एका बंद पडलेल्या ट्रॅव्हल कंपनीचा आहे, बाजूला विमानाचं चित्र चिकटवलेलं, ते निघत नाही. आपल्या सगळ्या डिझाईनच्या फाईली मी दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर ठेवते (तूच लावलेली शिस्त), त्यामुळे त्या वाचल्या. दुरुस्तीवाल्याने रिकामी सिस्टीम घालून दिली आणि म्हणाला, सिस्टीमचं लायसन्स तुमचं तुम्ही टाका, तुमच्याकडे वेगळं विकत घेतलेलं आहे ना, ते एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता येतं. नुसता नंबर टाका. मी म्हटलं, हो. म्हणजे मान हलवली. कारण नंबर तर आपल्याकडे होताच. नंबर आपल्याकडे जितका होता तितका जगात कोणाकडे नसेल.

इथे तुला एक गोष्ट सांगायला हवी, जी तू गेल्यानंतर झाली. तू जाताना बाबांना म्हणाला होतास, काका, हा पंचवीस अक्षरांचा नंबर जपून ठेवा, हा हरवला तर लायसन्स गेलं. आठवतं? आता दुसऱ्या कोणी तो वहीत लिहिला असता. पण बाबांना जपून ठेवणं म्हणजे एकच माहितीये. त्यांनी त्याचा शिक्का केला. पाच-पाचचे पाच गट, मध्ये बारीक रेघा, एका ओळीत, इतक्या लहान अक्षरात की आम्ही तोपर्यंत कधी केलाच नव्हता. आणि दादा, तो शिक्का इतका सुरेख उतरला की काय सांगू. एकही अक्षर भरलेलं नाही. आठचा आकडा आणि इंग्रजी बी शेजारी शेजारी आहेत, तरी लांबून वेगळे कळतात. बाबा भिंग घेऊन बराच वेळ बघत बसले होते. मोठ्या काकांना खाली बोलावून दाखवला (तेव्हा त्यांचा गुडघा बरा होता).

मग ते गिऱ्हाइकांना दाखवायला लागले. कोणी विचारलं, इतकं बारीक येईल का हो, तर बाबा बोलत नसत, नुसता तो शिक्का काढून कागदावर मारत. गिऱ्हाईक लगेच ऑर्डर देई. मग नमुन्याच्या वहीत पहिल्या पानावर तो गेला. मग प्रत्येक पावतीच्या मागे. 'आमच्या कामाचा नमुना' असं वर, आणि खाली तो नंबर. दीड वर्ष, दादा. आपण दीड वर्ष आपल्या लायसन्सचा नंबर गावभर वाटतोय. मलाही काही वाटलं नाही. तो नंबर आहे हे मी विसरलेच होते, मला तो नक्षीसारखा दिसायला लागला होता.

तर बुधवारी दुपारी मी पावती उलटी करून समोर ठेवली, नंबर टाकला, आणि वर आलं: हा नंबर आधीच दोन कॉम्प्युटरवर वापरात आहे. एक आपला जुना, पण दुसरा कोणाचा? त्याच्याखाली लिहिलं होतं, आधी एका कॉम्प्युटरवरून लायसन्स काढा. आता जुना तर चालूच होत नाही, मग त्याच्यावरून काढायचं कसं? मी तरी त्याची वायर लावून बघितली. करपल्याचा वास थोडा ताजा झाला, बाकी काही नाही. आणि जोवर लायसन्स लागत नाही तोवर आपलं शिक्क्यांचं सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि ते उघडल्याशिवाय लेसर हलत नाही. हॉस्पिटलचे पाच डॉक्टर तसेच राहिले, बिननावाचे.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, सोमवारपर्यंत बघू. नाहीतर टायपिंगवाला आहे, त्याच्याकडे लायसन्सवालं मशीन आहे, तो मशीनसकट इथे येऊन बसायला तयार आहे. मग तू काउंटरवर बस, मी आत लेसर बघतो.

काउंटरवर. मी.

तुला आठवत असेलच, शाळा मी का सोडली. तेव्हा सगळ्यांनी वेगवेगळी कारणं सांगितली, पण तुला खरं माहीत होतं. उभं राहून वाच म्हटलं की माझा आवाज पोटात जाऊन बसायचा आणि बाई म्हणायच्या, मागच्या बाकापर्यंत येऊ दे, आणि तो पहिल्या बाकापर्यंतही यायचा नाही. नववीत तर मी फळ्याकडे तोंड करून वाचायला मागितलं होतं. तेव्हा तू मला या आतल्या खोलीत आणून बसवलंस आणि म्हणालास, मशीनला आवाज लागत नाही. हे वाक्य मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. या खोलीत एक खुर्ची, एक कॉम्प्युटर, एक लेसर, आणि खिडकीतून समोरच्या चपलांच्या दुकानाची मागची बाजू दिसते. मला एवढंच हवंय. काउंटरवर लोक येतात आणि त्यांना काय हवंय ते त्यांना माहीत नसतं, ते तुम्हाला बोलून बोलून काढून घ्यावं लागतं. गोल की चौकोनी, शाई निळी की जांभळी, नावाआधी 'डॉ.' लावायचं की नाही. (एक जण डॉक्टर नसताना लावून मागतो. बाबा त्याला कसे टाळतात ते ऐकण्यासारखं असतं. मी असते तर लावून दिलं असतं.)

तर मी ठरवलं की तो दुसरा कॉम्प्युटर शोधायचा. पावतीपुस्तकं काढली. दीड वर्षात चारशे बारा पावत्या. त्यातल्या ज्यांच्याकडे कॉम्प्युटर असेल अशांवर खूण करत गेले, तर चारशे बारांवर खूण झाली. मग ज्यांनी अलीकडे नवीन घेतलाय असं कानावर आलंय, तेवढेच ठेवले. तीन राहिले. त्यात पहिले दातांचे डॉक्टर, कारण त्यांनी दोन महिन्यांपूर्वी शिक्का नेताना बाबांना स्वतःच सांगितलं होतं की नवा कॉम्प्युटर घेतला, आता सगळे दात स्क्रीनवर दिसतात.

आई म्हणाली, मग जाऊन विचारून ये की, त्यात काय. (आईसाठी सगळंच 'त्यात काय' असतं.) गुरुवारी सकाळी गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. नमस्कार, मी शिक्क्यांच्या दुकानातून आलेय, एक विचारायचं होतं. तीन वाक्यं. दार उघडलं तर समोर बसलेल्या बाईंनी वर न बघताच विचारलं, दुखतंय का? आणि दादा, मी मान हलवली. का हलवली मला माहीत नाही. माझी मान माझ्या आधी उत्तर देते. त्यांनी नाव लिहून घेतलं, मी बसले, माझ्या आधी एक आजोबा होते, त्यांच्याकडे बघून मला खरंच दुखायला लागलं. मग आत बोलावलं. खुर्ची मागे गेली, वर दिवा लागला, आणि डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून विचारलं, काय म्हणतेस, दुकान कसं चाललंय? तोंडात आरसा असताना कोणालाच बोलता येत नाही, त्यामुळे तेवढा वेळ मी अगदी निश्चिंत होते. तिथून त्यांचा कॉम्प्युटर स्पष्ट दिसत होता. डब्याच्या बाजूला लायसन्सचं चकचकीत लेबल, कंपनीतूनच लागून आलेलं. म्हणजे ते नव्हते. मला इतकं बरं वाटलं की मी उठायला लागले, पण डॉक्टर म्हणाले, थांब थांब, उजवीकडे खाली कीड आहे, बरं झालं वेळेत आलीस.

दात भरून, अर्धा गाल बधिर घेऊन मी दुकानात आले. बाबांनी विचारलं, विचारलंस? मी म्हटलं, ते नाहीत. ते बाबांना 'ए आयी' असं ऐकू आलं. ते म्हणाले, आई वर आहे.

यानंतर बाबांनी ते काम स्वतःकडे घेतलं. शुक्रवारी काउंटरवर जो येईल त्याला विचारायला लागले, की आमचा नंबर तुम्ही तर वापरला नाहीत ना? मी आतून ऐकत होते आणि खुर्चीत लहान लहान होत चालले होते. वकीलसाहेब आले होते, नोटरीचा शिक्का न्यायला. ते म्हणाले, कुठला नंबर? तर बाबांनी, दादा, खोटं नाही सांगत, त्यांना कळावं म्हणून ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि कोऱ्या कागदावर मारून त्यांच्या हातात दिला. हा. वकीलसाहेबांनी चष्मा वर करून बघितलं, म्हणाले, वा, काय सुरेख उतरलाय, आणि घडी करून खिशात ठेवला. बाबा खूश होऊन आत सांगायला आले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते परत बाहेर धावले, पण वकीलसाहेबांची गाडी गेली होती. चारशे तेरा.

मोठे काका कोपऱ्यातल्या स्टुलावरून म्हणाले, आता याच्यापुढे तुझ्याकडे कोणी चोरी करायला येणार नाही, तू आधीच वाटून टाकतोस. बाबा म्हणाले, तुम्ही वर जा. मोठे काका म्हणाले, गुडघा.

मग एकच मार्ग राहिला, कंपनीला फोन. स्क्रीनवरच लिहिलं होतं, अडचण असल्यास या क्रमांकावर बोला. 'बोला' हा शब्द मी अख्खा शुक्रवार बघत बसले. बाबा म्हणाले, मी करतो. पण त्यांना बाकीचं काही सांगता आलं नसतं, त्यांनी शिक्का किती सुरेख आलाय तेच सांगितलं असतं. तेव्हा काल सकाळी, शनिवारी, बाबा शाई आणायला गेल्यावर मी केला. आधी कागदावर सगळं लिहून काढलं, 'हॅलो' सुद्धा लिहिलं.

सुरुवातीला यंत्रातली बाई बोलते. तिच्याशी माझं छान जमलं. ती घाई करत नाही, तिला काही वाटत नाही, आणि ती विचारेल त्याचं उत्तर बटणं दाबून द्यायचं. स्क्रीनवर आकड्यांचे नऊ गट येतात, एकेका गटात सात आकडे, ते सगळे दाबायचे. त्रेसष्ट आकडे मी एकही न चुकता दाबले. मला वाटलं, झालं, बोलावं लागलंच नाही. तर ती म्हणाली, क्षमा करा, आपलं काम इथे होऊ शकत नाही, आपला फोन आमच्या सहकाऱ्याकडे देत आहोत. आणि एकदम खरी बाई आली, श्वास ऐकू येणारी. मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्यांदा परत त्रेसष्ट आकडे, परत खरी बाई, परत ठेवला. तिसऱ्यांदा मी 'हॅ' एवढं म्हणून ठेवला, म्हणजे प्रगती होती. चौथ्यांदा त्याच बाई आल्या आणि म्हणाल्या, "मघाशी तीनदा पण तुम्हीच का? ठेवू नका हं. मला पण रोज सगळ्यांशी बोलायचा कंटाळाच येतो. तुम्ही सावकाश सांगा, मी तोवर पाणी पिते."

आणि त्या खरंच पाणी प्यायल्या, मला ऐकू आलं. त्यांना पाणी पिताना ऐकून का कोण जाणे मला बोलता आलं. मी कागदावरचं वाचायला सुरुवात केली, आणि दोन ओळींनंतर कागदावरचं संपलं तरी मी बोलतच होते. करपल्याचा वास, विमानाचं चित्र, सगळं. त्यांनी विचारलं, हा नंबर किती कॉम्प्युटरवर घातलाय? मी म्हटलं, आम्ही एकावरच, तो जळला, पण नंबर चारशे तेरा लोकांकडे आहे. मग म्हणाल्या, परत सांगा. मी शिक्क्याचं सांगितलं. वकीलसाहेबांपर्यंत आले तेव्हा त्यांनी माझा फोन धरून ठेवायला लावला, मधे बासरी वाजत होती, आणि परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज हसून बारीक झालेला होता. म्हणाल्या, पावतीचा फोटो पाठवा, नाहीतर माझ्या साहेबांना खरं वाटायचं नाही. मी पाठवला. साहेबांना खरं वाटलं. साहेब म्हणे म्हणाले, अक्षर मात्र छान आलंय.

मग त्यांनी जळलेल्या कॉम्प्युटरवरून लायसन्स काढून टाकलं (त्यांना तिथून काढता येतं, आपण उगाच वायर लावत होतो) आणि या विमानवाल्यावर घातलं. पण फक्त दहा दिवसांसाठी. कारण चारशे तेरांपैकी एकाने खरोखरच तो वापरलेला आहे, सहा महिन्यांपासून, आणि तो कॉम्प्युटर चालू आहे. कोणाचा ते त्यांना सांगता येत नाही, पण लायसन्स दुकानाच्या खात्यात आहे तर खात्यात यादी दिसेल, ती मी बघावी. ज्याचा असेल त्याने दहा दिवसांत स्वतःहून काढला तर त्या आपल्याला नवीन नंबर देतील. नाही काढला तर नंबर कायमचा बंद, दोन्हीकडचा. आणि शिक्का ताबडतोब थांबवा म्हणाल्या. एकंदर चाळीस मिनिटं बोलले, दादा. मी. आई दोनदा दारात येऊन बघून गेली, कोण आलंय म्हणून.

फोन ठेवला आणि मागे वळले तर बाबा शाईच्या बाटल्या घेऊन उभे होते. कधीपासून ते माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, नवीन नंबर पण पंचवीसचाच असतो का, की थोडा लहान असतो? लहान असला तर गोल शिक्क्यात बसला असता. मी म्हटलं, बाबा. ते म्हणाले, नाही, नुसतं विचारलं.

मग मी खातं उघडलं. (पासवर्डचाही शिक्का आहे, पण तो बाबांनी कोणाला दाखवलेला नाही, फार मोठी अक्षरं आलीत म्हणून.) यादीत दोन नावं होती. एक आपला विमानवाला. दुसरं नाव मी वाचलं, यादी बंद केली, परत उघडली, परत वाचलं. बाबांनी बाहेरून विचारलं, सापडला का चोर? मी म्हटलं, नुसते आकडेच आहेत, कळत नाही. बाबांनी आता वहीत चारशे तेरांची यादी केलीये आणि उद्यापासून रोज दहा जणांकडे स्वतः जाऊन विचारणार आहेत. मोठे काका म्हणतायत, मी पण येतो, गुडघ्याचं बघू.

हॉस्पिटलचे उरलेले डॉक्टर काल संध्याकाळी झाले. सगळे नीट उतरले. पत्र खूपच लांबलं, तुझा वेळ घेतला. पाठीला जप, खुर्ची बदल. मोठ्यांना नमस्कार सांगायला तिथे कोणी नाही, तेव्हा तूच घे.

तुझी (चुलत असले तरी) बहीण

ता.क. दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव 'साहेब' असं आहे. तुझ्या लॅपटॉपला तू हेच नाव दिलं होतंस, मला शिकवताना दाखवलं होतंस. मला माहितीये तू मुद्दाम नाही केलंस. तुला वाटलं असेल दुकानाचा कॉम्प्युटर तसा चालतोयच, कोणाला कळणार आहे. मलाही नसतं कळलं. पण तू तो काढशील का? सेटिंगमध्ये जाऊन लायसन्सच्या पानावर 'या कॉम्प्युटरवरून काढा' असं बटण आहे, बाईंनी मला दोनदा सांगितलंय, मी पण दोनदा सांगते. पत्र पोचायला तीन दिवस लागतील, म्हणजे तुझ्याकडे सहाएक दिवस उरतात. मी कोणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. पण बाबांची यादी आहे, आणि त्यात शेवटून तिसरा तू आहेस, कारण मागच्या खेपेला तू ऑफिससाठी शिक्का नेला होतास त्याची पावती झाली होती. बाबा आणि मोठे काका मिळून तुझ्याकडे यायच्या आत काढलास तर बरं. मोठे काका तर तिकिटं बघतायत.

ता.क. २. टायपिंगवाला येणार नाही. त्याला बाबांनी आज सकाळीच नाही म्हणून कळवलं. खुर्ची माझीच राहिली, मी फार खूश झाले होते, हे पत्रच त्या आनंदात सुरू केलं. पण आत्ता वरचं सगळं लिहून झाल्यावर बाबा आत आले आणि म्हणाले, काल तुला फोनवर ऐकलं, चाळीस मिनिटं परक्या बाईशी बोललीस आणि तिने आपलं ऐकलं. अर्धा दिवस आत बस, अर्धा दिवस काउंटरवर. मी नाही म्हटलं. मोठ्याने म्हटलं, दादा, इतक्या मोठ्याने की चपलांच्या दुकानातला माणूस मागच्या दारात येऊन बघायला लागला. बाबा म्हणाले, बघ, तिथपर्यंत जातो.

ता.क. ३. काकूंनी काल केस कापले. खांद्यापर्यंत. मोठ्या काकांच्या अजून लक्षात आलेलं नाही.